सांकेतिक भाषा जगभर एकच नसते

‘सांकेतिक भाषा एकदा शिकली की जगातल्या कुठल्याही कर्णबधिर माणसाशी बोलता येतं’ असं वाक्य एका लेखात वाचलं, ते साफ चूक आहे. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजीच चालते, तरी तिथल्या सांकेतिक भाषा वेगळ्या आहेत. अमेरिकेतली घडली ती फ्रेंच सांकेतिक भाषेच्या प्रभावातून. मी यूट्यूबवर बघून अमेरिकेतली एका हाताची एबीसीडी घोटून घोटून पाठ केली आणि मोठ्या उत्साहात भारतीय सांकेतिक भाषेच्या क्लासला गेले. आमचे सर स्वतः कर्णबधिर. त्यांनी माझी बोटं पाहिली, मान हलवली आणि मांडीवर पडलेला माझा डावा हात उचलून उजव्याजवळ आणला. भारतीय सांकेतिक भाषेत ही अक्षरं दोन हातांनी करतात!

आणि ती हातांनी बोललेली मराठीही नव्हे. ‘तुझं नाव काय आहे?’ विचारताना मी ‘आहे’ची खूण शोधत बसायचे. सरांनी ‘तुझं, नाव, काय’ एवढंच केलं आणि माझ्या भुवयांकडे बोट दाखवलं. प्रश्न चेहऱ्यावर दिसायला हवा. तीन महिन्यांनी क्लासमधल्या कर्णबधिर मैत्रिणींनी कपाळावर येणाऱ्या माझ्या बटेवरून मला नामखूण, म्हणजे माझ्या नावाऐवजी करायची खूण, दिली. अशी खूण आपली आपण ठेवायची नसते, ती त्यांच्याकडून मिळते. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी बसमध्ये तीच खूण करत होते.