ए/टी टायर आणि काळं रान: तुमच्या दोन स्टारला आमचं उत्तर

नमस्कार मालक,

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि सोबतचा फोटोही नीट बघितला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डबल कॅब पिकअपला मोठ्या मापाचे, दहा प्लायचे (म्हणजे जास्त थरांच्या ताकदीचे, जड), रांगडे ए/टी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर मागितले, आम्ही कंपनीच्याच मापाचे 'मऊ' ए/टी गळ्यात मारले, पहिल्याच मोठ्या पावसात गाडी स्वतःच्या रानात रुतली आणि ट्रॅक्टर लावून काढावी लागली. शिवाय दुकानात दीड तास बसवून ठेवलं आणि कामापेक्षा बोलणंच जास्त केलं. स्टार किती द्यायचे तो तुमचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'मागितलेले टायर असते तर गाडी रुतलीच नसती' हे तुमचं वाक्य वाचून उद्या आणखी कुणी पन्नास-साठ हजार चुकीच्या ठिकाणी घालेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फोटोबद्दल. त्यात मागच्या चाकावर नक्षी दिसतच नाही. खाचा काठोकाठ भरल्यात, वर मातीचा आणखी एक थर बसलाय, आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, हाताच्या पंजाएवढा गोळा लोंबतोय. टायर कुठला आहे हे त्या फोटोवरून मलासुद्धा ओळखता आलं नसतं. टायर रुततो तो इथेच. चिखलात पकड मिळायची तर चाक फिरताना खाचांतली माती बाहेर उडाली पाहिजे, म्हणजे पुढच्या फेऱ्याला नक्षी पुन्हा मोकळी मिळते. वाळूत, मुरमात, लाल मातीत ए/टी हे काम करतो. आपल्या काळ्या रानात नाही करत. ओल्या रानात चार पावलं टाकली की चप्पल किलोभराची होते हे तुम्हाला मी सांगायला नको. टायरचं तेच होतं. तुम्ही मागितलेल्या टायरच्या खाचा दोन-तीन मिलिमीटर जास्त खोल होत्या, म्हणजे त्यात दोन-तीन मिलिमीटर जास्त माती भरली असती. गाडी तिथेच रुतली असती, आणि त्या टायरचं वजन जास्त म्हणून कदाचित थोडी आणखी खाली.

ही माती थोडीफार फेकू शकतो तो एम/टी, म्हणजे निव्वळ चिखलाचा टायर. तोसुद्धा वाफसा, म्हणजे जमीन योग्य सुकलेली, नसताना हमी देत नाही. पेरणीला वाफसा बघतो तसा गाडी घालतानाही बघावा लागतो, त्याला पर्याय असलेला टायर अजून माझ्या दुकानात आलेला नाही.

आता तुम्हाला नको वाटलेल्या त्या बोलण्याबद्दल. मी तुम्हाला विचारलं होतं की गाडी कुठे चालते. तुम्ही सांगितलंत: आठवड्यातून एक-दोनदा पुणे, महिन्यातून एखादं हैदराबाद, बाकी शहरात; आणि मोहोळकडच्या शेतावर जाताना डांबरी सोडल्यावर पाणंद रस्ता, मुरूम, उघडी खडी, दोन्ही बाजूंना बाभळी. याचा अर्थ गाडीचं जवळजवळ सगळं आयुष्य पासष्ट नंबरच्या हायवेवर जाणार, आणि उरलेलं खडीवर. चिखल वर्षातले काही दिवस, तोही बहुतेक सप्टेंबरातला. आपला सोलापूर जिल्हा कोरडा आहे, हे टायर निवडताना विसरून कसं चालेल?

या वापराला निव्वळ हायवेचा एच/टी टायर मी सुचवला नाही, हेही लक्षात घ्या. फक्त पुणे-मुंबई करणाऱ्याला मी तोच देतो, कितीही ए/टी मागितला तरी दोनदा सांगून बघतो. पण तुमच्या पाणंदीवर खडीचे कोपरे उघडे आहेत, तिथे एच/टीची पातळ साइडवॉल कापली जाते. म्हणून ए/टीच, पण सौम्य नक्षीचा: मधली पट्टी जवळजवळ सलग, ठोकळे जवळजवळ, त्यांवर बारीक चिरा भरपूर, आणि रांगडेपणा फक्त खांद्यावर, म्हणजे नक्षीच्या कडेला. ए/टी ही दोन अक्षरं सगळ्यांवर सारखीच छापलेली असतात, पण आत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ए/टी घ्यायचा की नाही एवढ्यावरच लोक वाद घालतात. खरा प्रश्न कुठला ए/टी हा आहे.

रांगड्या ए/टीत ठोकळे मोठे आणि मधली मोकळी जागा जास्त. डांबरावर याचा सरळ अर्थ रस्त्याला लागणारं रबर कमी. ओल्या डांबरावर ब्रेक मारला की गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आणि आपल्याकडे पाऊस महिनोन्‌महिने गायब असतो, तोवर रस्त्यावर धूळ आणि तेलाचा थर साचतो. पहिली सर पडली की हायवे साबण लावल्यासारखा होतो. त्या वेळी बारीक चिराच कामाला येतात. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर घरची माणसं असतात, हे तुम्हीच बोलता बोलता सांगितलं होतं. मी अडून बसलो ते मुख्यतः या एका कारणासाठी, आणि पुन्हा बसेन.

मापाचं गणित दुकानात कागदावर मांडून दाखवलं होतं, इथेही देतो. तुमच्या गाडीला कंपनीचं माप २६५/६५ आर १७ (रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची). त्याचा व्यास साधारण ७७६ मिलिमीटर. तुम्हाला हवं होतं २६५/७० आर १७, त्याचा व्यास ८०३. फरक सुमारे साडेतीन टक्के. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, पण मीटरला ते कळत नाही. मीटरवर १०० दिसताना गाडी १०३ च्या पुढे असते. मीटर १,००० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १,०३५ च्या आसपास धावलेली असते. त्यामुळे ॲव्हरेज काढलं की ते खरं आहे त्याहून कमी दिसतं. त्यात जड टायरमुळे खरोखरच पडलेलं ॲव्हरेज वेगळं. मोठे टायर घालून 'ॲव्हरेज गेलं' म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा हिशेब लावायला सांगतो.

शिवाय मोठं चाक पूर्ण वळवलं की काही गाड्यांत चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिक लायनरला घासतं. आणि स्टेपनी? ती जुन्या मापाची राहिली तर फोर बाय फोर लावताना चार चाकांत एक लहान, आणि ताण डिफरन्शियलवर (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर). म्हणजे टायर चार नाही, पाच घ्यावे लागतात. इंटरनेटवरचे फोटो दाखवताना हे कुणी सांगत नाही.

दहा प्लायचा, म्हणजे एलटी टायर, मजबूत असतो यात वाद नाही. खडी क्रशरवर रोज जाणाऱ्या, मागे सतत टनभर माल असणाऱ्या गाडीला मी डोळे झाकून तोच देतो. पण तेवढंच वजन पेलायला एलटीला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दरवाजाच्या स्टिकरवर गाडीच्या कंपनीने लिहिलेली हवा त्याला चालत नाही. तेवढीच ठेवली तर साइडवॉल जास्त वाकते, आणि मे महिन्यात ४२-४३ अंशांत हायवेवर टायर तापतो. हवा वाढवली तर रिकामी पिकअप रस्त्याच्या प्रत्येक जॉइंटवर उडते. तुमचा हौदा बहुतेक रिकामा असतो. तुमच्या टायरचा लोड इंडेक्स ११२ आहे, म्हणजे एका टायरला ११२० किलो. खताच्या गोण्या भरल्या तरी हे पुरतं.

तुम्ही मोबाइलवर दाखवलेल्या टायरवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह होतं, आणि ते मजबुतीचं आहे असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. ते बर्फावरच्या पकडीचं चिन्ह आहे. मनालीत राहणाऱ्याने त्यासाठी पैसे द्यावेत. सोलापुरात त्याला काही काम नाही.

आता आहेत त्या टायरचं काय करायचं, ते सांगतो, कारण ते चांगले आहेत आणि नीट वापरले तर तुमच्याकडे बराच काळ टिकतील. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, स्टिकरप्रमाणे. टायर तापला की दर सहा अंशांना साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढतं, ते ठीक आहे. उन्हाळ्यात पंपावर कुणी 'जास्त झाली' म्हणून गरम टायरमधली हवा काढू लागला तर काढू देऊ नका. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवून, म्हणजे त्यांच्या जागा आलटून-पालटून घ्या. हे ए/टीला हायवेच्या टायरपेक्षा जास्त लागतं. गेल्या आठवड्यात एक पिकअप आली होती, ए/टी कधी फिरवलेच नव्हते. ठोकळ्यांवरून एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर प्रत्येक ठोकळ्याची धार बोटाला लागत होती. असा टायर एकदा खाल्ला गेला की आवाज करतो, आणि मग अलाइनमेंट करूनही तो आवाज जात नाही.

रानात जायचंच असेल तर बांधावर थांबून फोर बाय फोर लावा, रुतल्यावर नको. हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर लांब पसरतो आणि भार वाटला जातो. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा, कारण डांबरावर येण्याआधी हवा परत भरायलाच लागते. रुतल्यावर रेस देत बसू नका, चाक फक्त खड्डा खणतं. आणि जोराचा पाऊस झाल्यावर दोन दिवस गाडी डांबरीवर उभी करून चालत गेलेलं बरं.

दीड तासाबद्दल: त्यात पाच टायर उतरवणं-चढवणं, प्रत्येक डिस्कचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट आलं. मशीनवरचा आकडा शून्यावर येईपर्यंत माझा माणूस चाक सोडत नाही, आणि मीही त्याला घाई करत नाही. दुसरीकडे टायर स्वस्त मिळाला असता असंही लिहिलंय. मिळाला असता, पण साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघून घ्या. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. आम्ही ते बसवण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवतो, तुम्हालाही दाखवले होते.

एवढं वाचूनही एलटीच हवे असतील तर माझी ना नाही, गाडी तुमची आहे. कंपनीच्या मापात मागवून देईन, हवा किती ठेवायची ते लिहून देईन, आणि आत्ताचे टायर किती झिजलेत ते मोजून त्यांची रास्त किंमत धरेन. फक्त त्याआधी एकदा सकाळी या, टायर थंड असताना. खाचांत सुकलेली माती अजून असेल तर ती काढून घेऊ, कारण एका बाजूला माती राहिली की हायवेवर स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस उगाच पुन्हा बॅलन्सिंगचे पैसे देतो. साइडवॉलला ट्रॅक्टरची साखळी कुठे लागली का तेही बघायचं आहे. फोटोत उजव्या मागच्या चाकाजवळ ती फार जवळून गेलेली दिसते. त्या तपासणीचे पैसे नाहीत.