रिकाम्या जागा भरा

शिक्षकांनी अधूनमधून आजारी पडावं, हा विद्यार्थ्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे. आमच्या हायस्कुलात तो आम्हाला कोणी दिला नाही. मोठ्या शहरात शिकणारा माझा मावसभाऊ सुट्टीत आला की 'ऑफ तास' नावाच्या एका प्रकाराबद्दल सांगायचा. शिक्षक येतच नाहीत म्हणे, आणि मुलं पाऊण तास नुसती बसून असतात. आम्ही आ वासून ऐकायचो. आमच्या भूगोलाच्या बाईंचा घसा बसला, तेव्हा त्यांनी आख्खा तास फळ्यावर लिहून घेतला. तोंड बंद असल्यामुळे त्यांचे डोळे जास्तच मोकळे होते. इतिहासाच्या सरांचा पाय मुरगळला, तर त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या १४ जानेवारी १७६१ ची सगळी फौज वर्गात उभी केली. मी गारद्यांत होतो. खिडकीपाशी, तोफेसकट. तोफ म्हणजे कचऱ्याची बादली.

मराठीच्या बाईंना वृत्तांचं वेड. 'य मा ता रा ज भा न स ल गं' त्यांच्या श्वासातच होतं. दहावीचे जादा तास सुरू होणार, ही सूचनासुद्धा त्यांनी भुजंगप्रयातात दिली: 'निघा रे घरूनी पहाटेच सारे'. अक्षरं बारा, य गण चार, एक मात्रा इकडची तिकडे नाही. मग त्याच ओळीचे गण पाडायला लावले. लघु-गुरूच्या खुणा करण्याच्या नादात, पहाटे यायचंय हे कोणाच्या डोक्यातच शिरलं नाही.

तास विज्ञानाच्या सरांचा होता, सकाळी सहाला. ही वेळ माणसांसाठी आहे असं मला आजही वाटत नाही. गार पडलेला बाक, लागू की नको या विचारात लुकलुकणारी ट्यूब, फाटकाला टेकून उभ्याउभ्या पेंगणारे शिपाईमामा. आणि सर मात्र आंघोळ करून, भांग पाडून, खिशात खडूचे तीन तुकडे टाकून असे ताजेतवाने हजर, की त्यांच्याकडे बघून आणखी झोप यावी. या तासाचे ते पैसे घेत नसत, आणि तेच आमच्या मुळावर आलं होतं. पैसे घेतले असते तर 'परवडत नाही' असं म्हणून घरी तरी बसता आलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात वर्गाने कट केला. उद्या कोणीही यायचं नाही. एरवी आमच्याशी बोलत नसलेल्या मुलींनीही वहीतून चिठ्ठी पाठवून पाठिंबा कळवला. बेचाळीस जणांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

त्यातले एक्केचाळीस शब्दाला जागले.

मी गेलो त्यात तत्त्वाचा काही भाग नव्हता. आदल्या संध्याकाळी सर बाबांना रस्त्यात भेटले. छोट्या गावात शिक्षक आणि पालक यांच्यात फार तर एका वळणाचं अंतर असतं. त्यातून बाबाही त्यांचेच विद्यार्थी. आमच्या घरात बाबांचं कोणी ऐकत नाही, पण बाबा अजून सरांचं ऐकतात. पावणेसहाला माझं पांघरूण ओढण्यात आलं.

वर्गात पाऊल टाकलं आणि पोटात गोळा आला. सर, एक्केचाळीस रिकाम्या जागा आणि मी. आता घरी पाठवतील म्हणून मी दाराशीच घुटमळलो.

"बस. तुझ्या जागेवर."

माझी जागा शेवटून दुसऱ्या बाकावर. तिथे जाऊन बसलो. सरांनी कॅटलॉग उघडला आणि बेचाळीस नावं पुकारली. प्रत्येक नावानंतर तेवढाच वेळ थांबले. माझ्या नावाला मी 'हजर' म्हणालो, तो आवाज वर्गभर फिरून माझ्याकडेच परत आला. मग सर मागच्या भिंतीलाही ऐकू जाईल अशा नेहमीच्या पट्टीत म्हणाले, "आज मेंडेलीव्हची आवर्तसारणी."

एकट्याने शिकणं काय असतं, हे ज्याने भोगलं नाही त्याला कळायचं नाही. जांभई लपवायला पुढे कोणाचं डोकं नाही. प्रश्न विचारून सर वर्गभर नजर फिरवत, आणि ती फिरून फिरून माझ्यावर येऊन थांबे. "कोण सांगेल?" असंही वर विचारत. मी दोनदा हात वर केला, कारण नाही केला तरी मलाच सांगायचं होतं. एकदा माझी पेन्सिल पडली. "मागे गडबड नको," सर म्हणाले.

पण मेंडेलीव्ह मात्र मला त्या दिवशी जो कळला, तो कायमचा. १८६९ साली माणसाला ६३ मूलद्रव्यं ठाऊक होती. ती अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडताना त्याच्या लक्षात आलं, की मध्येच गुणधर्म जुळत नाहीत. दुसरा कोणी असता तर दाटीवाटीने कोंबून मोकळा झाला असता. त्याने सरळ जागा रिकाम्या सोडल्या. इथलं मूलद्रव्य आहे, फक्त अजून सापडलेलं नाही. वर त्यांना संस्कृतातला 'एक' लावून नावंही दिली: एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनिअम, एका-सिलिकॉन. १८७५ मध्ये एका-ॲल्युमिनिअमच्या जागी गॅलियम सापडलं, १८७९ मध्ये स्कँडियम, १८८६ मध्ये जर्मेनियम. गॅलियम शोधणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याची घनता मोजली ४.७. मेंडेलीव्हने ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं, तरी त्याने कळवलं, ५.९ च्या आसपास हवी, पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ५.९ भरली.

"न बघता सांगितलं," सर म्हणाले आणि रिकाम्या बाकांकडे बघत राहिले.

मग त्यांनी फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर आमच्या वर्गाची सारणी काढली. उभे गण, आडवी आवर्तनं, एक्केचाळीस चौकटी रिकाम्या. एकेका चौकटीवर खडू टेकवून भाकीत सांगू लागले. खिडकीजवळचा पहिला पुलावर सापडेल, एकटा कधीच आढळत नाही, शेजारच्याशी संयुग करून असतो. तिसऱ्या बाकावरचा घरीच, पुस्तक उघडं ठेवून झोपलेला. कोपऱ्यातला गॅलियमसारखा, हातावर घेतला तरी वितळेल, त्याला आधी विचारायचं. सात वाजता त्यांनी हात झटकले. "समजलं सगळ्यांना?"

"हो सर," सगळ्यांच्या वतीने मी म्हणालो.

साडेदहाला शाळा भरली तेव्हा ती सारणी फळ्यावर तशीच होती. एकही भाकीत चुकलं नव्हतं. कोपऱ्यातला वाचता वाचताच वितळला आणि न विचारताच कटाची सगळी हकीकत सांगून बसला. सर कोणाला रागावले नाहीत. वर्गाला कोणावर तरी रागवायचं होतंच, ते माझ्यावर रागावले. दिवसभर माझ्याशी कोणी बोललं नाही. डबासुद्धा मी गारद्यांच्या खिडकीपाशी एकट्याने खाल्ला.

रात्री ठरवलं, आता आपणही वर्गाशी इमान राखायचं. बाबा पहाटेच बाहेरगावी जाणार होते, त्यामुळे मार्ग मोकळा होता. उद्या जादा तासाला दांडी.

सकाळी सव्वासहाला अंगणात सायकल स्टँडला लावल्याचा आवाज झाला. आईने कडी काढली. "या ना सर, बसा."

"बसत नाही. वर्ग खोळंबलाय. एक्केचाळीस जण आलेत, एक जागा रिकामी दिसली, म्हणून आलो."

मी पांघरूणातून तोंड बाहेर काढलं. सरांच्या खिशातून खडू डोकावत होता.

"सर, माझं भाकीत काय होतं?"

"अंथरुणात सापडेल," सर म्हणाले. "घनता अपेक्षेपेक्षा जास्त. ऊठ."