सुपरहिरोंचे बारावे कितीदा घालणार?

चित्रपट शुक्रवारी लागतो आणि सोमवारी सकाळचा चहा संपण्याआधीच कोणीतरी जाहीर करतो की, सुपरहिरोपट आता संपले! 2019 मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ने जगभरात सुमारे 280 कोटी डॉलर कमावले, तेव्हा या लाटेला ओहोटी नाही, असे हीच मंडळी शपथेवर सांगत होती, 2023 मध्ये ‘द मार्व्हल्स’ 20 कोटींच्या जरासा पुढे जाऊन आपटला, तर यांनी लगेच तिरडी बांधायला घेतली आणि पुढच्याच वर्षी ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने 130 कोटी ओलांडल्यावर ती गुपचूप सोडली. अहो, तुम्ही प्रेक्षक आहात की निर्मात्याचे मुनीम? परवा श्रेयनामावलीनंतरच्या दृश्यासाठी मी अंधारात ताटकळत बसलो होतो आणि शेजारचा मित्र मोबाइलच्या उजेडात दुसऱ्या आठवड्यातील घसरणीचे टक्के मोजत होता. पटकथा कशी वाटली, असे विचारले, तर म्हणतो, आधी खर्च तर वसूल होऊ दे! ‘सुपरमॅन’ने 2025 मध्ये 60 कोटींहून अधिक मिळवले, तरी ते यश की अपयश, यावरून दोन तट पडलेच. त्यातला एक छदाम तरी यांच्या खिशात येणार आहे का?