मोठ्या भोकाची पीप आणि ढोबळ नेम

नमस्कार दादा. बंदुकीच्या पीपबद्दल, म्हणजे डोळ्याजवळच्या भोकातून नेम धरायच्या साधनाबद्दल, मी आधी लिहिलं होतं. त्यावर हिंगोलीहून तुम्ही घेतलेला आक्षेप थोडक्यात असा: एअर रायफलला 1.1 मिमीचं भोक सांगता आणि लिव्हर-ॲक्शनला (खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या रायफलला) एकदम 5 मिमी, हा दुटप्पीपणा झाला. एवढ्या भोकात माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मधोमध आली की नाही हे कळायचं कसं? त्यापेक्षा नळीवरची जुनी उघडी खाचच बरी.

अर्धा मुद्दा तुमचा बरोबर आहे. "डोळा आपोआप मध्य शोधतो" एवढंच लिहून मी पुढे गेलो, ते अपुरं होतं. भोक बाहुलीपेक्षा लहान असलं तर डोळा थोडा सरकला तरी नजर त्याच भोकातून जाते, म्हणून चूक अर्ध्या भोकाच्या पुढे जात नाही. भोक बाहुलीपेक्षा मोठं असलं तर हा आधार जातो. पीप ते माशी अंतर 600 मिमी धरा. माशी मध्यापासून 1 मिमी सरकली तर 100 मीटरवर गोळी सुमारे 167 मिमी चुकते. पण गोल कडेत डोळा 1 मिमी चुकू देत नाही. पाव मिमी चुकला तर 4 सेंमीचा फरक, आणि हरणाच्या छातीच्या मानाने तो खपतो.

खाचेचा हिशोबही असाच करा. 20 इंची नळीवर खाच पुढे असते, म्हणून माशीपर्यंतचं अंतर 400 मिमीच्या आसपास भरतं. तीच 1 मिमीची चूक तिथे 250 मिमी होते. शिवाय खाच, माशी आणि लक्ष्य या तिन्हींवर नजर ठेवायची. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याला ते जमत नाही, आधी खाचच धूसर होते.

मग लहानच भोक का नको? उजेडामुळे. संध्याकाळी बाहुली 4 मिमी उघडली असेल तर 1.1 मिमीच्या भोकातून त्या उजेडाचा जेमतेम तेरावा हिस्सा आत येतो. रेंजवर दिवे असतात, झाडीत नसतात. म्हणून बहुतेक पीपची लहान भोकाची चकती फिरवून काढता येते. नेम जुळवताना चकती लावा, वापरताना काढा आणि उरलेल्या पातळ कड्यातून बघा. (शिकारीचं हे सगळं गणित अमेरिकेतलं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यापुढे तो विषय संपतो. रानडुक्कर कितीही पीक लोळवो, परवानगीशिवाय बंदूक उचलायची नाही.)

तिकडे पीप रुळली याचं एक कारण बंदुकीतच आहे. लिव्हर-ॲक्शनमधली जुनी विंचेस्टर 94 रिकामं काडतूस वर फेकते, त्यामुळे दुर्बीण बरोबर डोक्यावर बसवणं अवघड. मार्लिन 336 बाजूला फेकते, तिला ही अडचण नाही.

तुमचा खरा त्रास मला वेगळाच वाटतो: "पीप लावली आणि गोळी वर जायला लागली." तो भोकाचा दोष नाही. पीप खाचेपेक्षा उंच बसते. ती पूर्ण खाली आणूनही गोळी वर लागत असेल तर माशी उंच लागेल. किती? 100 मीटरवर 100 मिमी वर लागत असेल तर 600 × 100 ÷ 1,00,000, म्हणजे 0.6 मिमी. थोडी जास्तच उंच घ्या. उंच झालेली माशी कानशीने घासता येते, बुटकी वाढवता येत नाही. घासताना एक-दोन फटके मारून तीन गोळ्या झाडा. घासलं की गोळी वर सरकते. पीप मात्र जिकडे सरकवाल तिकडेच गोळी जाते, माशी उलटी.

माशीचा गोल पितळी मणीही टाळा. ऊन डावीकडून आलं की मण्याची डावी बाजू चमकते, डोळा तिलाच माशी समजतो आणि गोळी उजवीकडे जाते. सपाट काळी पट्टी घ्या, चमकली तर दिव्याच्या काजळीवर धरा. 1.6 मिमी रुंद पट्टी डोळ्यापासून 75 सेंमीवर असेल तर 100 मीटरवर सुमारे 21 सेंमी झाकते. त्याहून जाड नको.

बसवण्याचं काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या आणि स्क्रूच्या लांबीवर लक्ष ठेवा. तो जरा लांब झाला तरी आत बोल्टला (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाला) घासतो, लिव्हर जड चालते आणि दोष पीपवर येतो. घट्ट करण्याआधी स्क्रूच्या भोकातलं तेल पुसून घ्यायला सांगा, नाहीतर विसाव्या गोळीपर्यंत तो सैल पडलेला असतो.