अनाफीला जायचं तर आधी बोटीचं वेळापत्रक उघडा

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर पाच रात्रींचा बेत करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्यातल्या तीन रात्री अनाफीला द्या. सँटोरिनीच्या पूर्वेला, बोटीने साधारण दीड तासावर हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस किलोमीटर, वस्ती तीनशेच्या आसपास. विमानतळ नाही. खाली आयोस निकोलाओस हे बंदर, वर डोंगराच्या खांद्यावर खोरा हे एकमेव गाव, आणि दोन्हींमध्ये बस. शांतता हवी म्हणून ग्रीसला जाणाऱ्यांनी सँटोरिनीच्या प्रसिद्ध सूर्यास्तासाठी रांगेत का उभं राहायचं?

मात्र ही सहल बिघडते ती बहुतेक वेळा बोटीपायी. आपण आधी विमान ठरवतो, मग हॉटेल, आणि बोट सगळ्यात शेवटी. इथे उलट करा. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून अनाफीची मोठी बोट रोज सुटत नाही, आठवड्यातले ठराविकच दिवस असतात. उन्हाळ्याचं वेळापत्रकही पुष्कळदा उशिरा जाहीर होतं. म्हणून बोटीचे वार आधी पाहा आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. ग्रीसच्या शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो परतीच्या तारखेपुढे दोन-तीन दिवस जास्त घ्या. त्याचं कारण वारा.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेचा मेल्तेमी नावाचा जोरदार वारा वाहतो, तोही स्वच्छ निळ्या आभाळाखाली. ऊन पडलंय म्हणजे समुद्र शांत, हा आपला अंदाज तिथे साफ चुकतो. वारा ८ बोफर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) घरात गेला की बंदर अधिकारी मोठ्या बोटींनाही सुटू देत नाहीत, वेगवान बोटी त्याआधीच थांबतात. अशी मनाई लागली की पुढची बोट दोन दिवसांनी असू शकते. त्यामुळे अनाफी सहलीच्या सुरुवातीला किंवा मध्ये ठेवा, शेवटी कधीच नको. बेटावरून निघणं आणि मुंबईचं विमान यांच्यात किमान एक पूर्ण दिवस मोकळा हवा, ऑगस्टमध्ये दोन. ऑगस्ट टाळता आला तर उत्तमच. मे अखेर ते जून मध्य आणि सप्टेंबर हे खरे दिवस. सप्टेंबरमध्ये पाणीही जास्त उबदार असतं. फक्त ८ सप्टेंबरला बेटावरच्या मठाची जत्रा असते, तेव्हा खोल्या मिळणं अवघड.

पिरेयसला विमानतळावरून मेट्रो थेट जाते, तासभर लागतो. बंदर अवाढव्य आहे. तिकिटावरचा गेट क्रमांक पाहूनच टॅक्सीला पत्ता सांगा, नाहीतर सामान ओढत बरंच चालावं लागेल. सँटोरिनीहून जाणार असाल तर तिथल्या अथिनिओस बंदराचा उतरणीचा रस्ता गर्दीत तुंबतो, तासभर आधी निघा.

बेटावर रोख पैसे ठेवा. पिण्यासाठी बाटलीचं पाणी घ्या. शौचालयात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. तिथले पाइप अरुंद असतात आणि तुंबले की सगळ्यांचे हाल. दुपारी तीन ते साडेपाच गाव झोपतं, तेव्हा गल्लीत मोठ्याने बोलू नका. रूकुनास हा सगळ्यात लांब वाळूचा किनारा. त्याच्या कडेला आणि पलीकडच्या छोट्या किनाऱ्यांवर काही लोक कपड्यांविना पोहतात, मुलांना घेऊन जाणाऱ्यांना हे आधी माहीत असावं.

कालामोस हा समुद्रातून उभा राहिलेला सुमारे ४६० मीटर उंचीचा कातळ चुकवू नका. पायथ्याच्या मठापर्यंत बस जाते. हा मठ अपोलोच्या प्राचीन देवळाच्या जागी आहे, भिंतींत जुने घडीव चिरे दिसतात. तिथून वरच्या कालामियोतिसा या मठापर्यंत तासाभराची चढण. वाटेत सावली नाही, पाणी नाही. माणशी दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट आणि पहाटेची सुरुवात हवी. सह्याद्रीत चढणाऱ्यांना चढ जड जाणार नाही, पण पायाखालचे सुटे दगड उतरताना घात करतात. वर वारा ढकलत असेल तर कड्याच्या टोकाशी जाऊ नका.

शाकाहारी मंडळींनी उपाशी राहण्याची भीती बाळगू नये. ‘निस्तीसिमो’ हा शब्द पाठ करा. ग्रीक ऑर्थोडॉक्स उपासाचं हे खाणं, त्यात मांस, अंडी, दूध नसतं. मात्र कोळंबी, माखले चालतात, तेव्हा ‘होरिस थालासिना’, म्हणजे समुद्रातलं काही नको, हेही सांगा. ‘गेमिस्ता’ म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, पण त्यात कधी खिमाही असतो. बिनखिम्याच्यांना ‘ओर्फाना’ म्हणतात, म्हणजे अनाथ! आणि ‘फावा’ मागवाच. दिसायला अगदी घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल, कच्चा कांदा, लिंबू. सँटोरिनीच्या फाव्याचा दाणा विदर्भातल्या लाखोळीच्याच कुळातला आहे. जैन असाल तर कांदा-लसूण नको हे वेगळं सांगावं लागेल.

आता तो अथेन्समधला मोकळा दिवस. अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर अनाफियोतिका ही वस्ती पाहा. १९ व्या शतकात ग्रीसचा राजा ओथोन याच्या काळात बांधकामाला आलेल्या अनाफीच्या गवंड्यांनी ती वसवली. तीच चुनकळी घरं, तेच दोन माणसांना ओलांडता न येणारे बोळ. १९५० मध्ये उत्खननासाठी काही घरं पाडली गेली, उरलेल्यांत आजही माणसं राहतात. सकाळी नऊच्या आत जा, आणि कुणाच्या दारातल्या पायरीवर बसून फोटो काढू नका.