खुंटीवरची बंदूक

मिशिगनमध्ये लेकीला पहिल्यांदाच मैत्रिणीकडं खेळायला पाठवायचं होतं. तिच्या डॉक्टरांनी सांगितलेला प्रश्न विचारायला माझी जीभ रेटेना: "तुमच्या घरी बंदूक आहे का? असली तर कुलपात असते का?" मी सोलापूरच्या साखर पेठेत वाढलेली. आमच्यात पोरं दिवसभर कुणाच्याही घरात शिरायची, शेंगाचटणी-भाकरी खाऊन यायची. विचारायचं काय त्यात? शेवटी धीर करून विचारलं. ती बाई रागावली नाही. तिनं तिजोरी दाखवली, गोळ्या कुठं ठेवते तेही सांगितलं.

इथं हा प्रश्न साधा नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ला मिशिगनमधल्याच ऑक्सफर्ड गावातल्या शाळेत १५ वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल बापानं चारच दिवस आधी आणलं होतं. २०२४ मध्ये आईबाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीपासून मिशिगनचा नवा कायदा लागू झाला: घरात अल्पवयीन मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर बंदूक कुलूपबंद पेटीत ठेवायची, नाहीतर रिकामी करून तिलाच कुलूप लावायचं. मुलाच्या हाती लागून कुणाचा जीव गेला, तर ठेवणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत कैद. फ्लोरिडानं असा कायदा १९८९ मध्येच केला होता. अमेरिकेत १ ते १७ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण २०२० पासून बंदूक आहे, हे वाचून माझी झोप उडाली होती.

हे फोनवर सांगितलं तर चुलतभाऊ म्हणाला, "अक्का, तिकडचं तिकडं राहू दे की. आपल्यात परवाना काढतानाच चपला झिजतात."

खरं आहे. आणि ते चांगलंच आहे. इकडच्यासारखी घरोघर बंदूक मला सोलापुरात नको. पण परवाना माणसाची पारख करतो. कपाटाचं काय? काकांची बारा बोअरची बंदूक बार्शीकडच्या शेतातल्या घरात खुंटीला असायची, काडतुसं फडताळात. आम्ही भावंडं तिच्याखालीच झोपायचो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. वर्षानुवर्षं ती कुलूपबंद राहिली ती तेवढेच दिवस, आणि तेही मतदानासाठी, आमच्यासाठी नाही.

२१ वर्षांखालच्याला शस्त्र बाळगता येत नाही, असं आपला १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो. परवान्याच्या अर्जात सुरक्षित ठेवण्याची हमीही घेतात. पण मुलाच्या हातात देणं वेगळं आणि त्याच्या हाताला लागेल असं ठेवणं वेगळं. या दुसऱ्या चुकीला मोठ्या माणसाला स्पष्टपणे जबाबदार धरायला हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झालाय. नूतनीकरणाला कागद तपासता, तसं घरी जाऊन कुलूपही बघा, पोरं किती आहेत विचारा. त्याला अमेरिका व्हावं लागत नाही.

काकांची बंदूक आता त्याच चुलतभावाच्या नावावर आहे. काडतुसं कुठं ठेवतोस, विचारलं. तो जरा थांबला. "फडताळातच, पोरीचं दप्तर असतं त्याच्या वरच्या कप्प्यात." त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. मी म्हटलं, फोन ठेव आणि आधी कुलूप आण.