शिट्टी वाजवण्याआधी माणूस बघावा

सुट्टीतल्या बास्केटबॉल स्पर्धेला पंच म्हणून उभं राहायचं तुम्ही कबूल केलंय, असं कानावर आलं. अभिनंदन! मानधनाचं पाकीट, टोपी आणि कंदी पेढ्यांचा पुडा असं तीन वस्तूंचं ठरलं असेल, तर पुडा सामन्याआधीच ताब्यात घ्या. उरलेल्या दोन वस्तू निकाल कुणाच्या बाजूनं लागतो त्यावर आहेत.

तुम्ही नियमांचं पुस्तक वाचायला घेतलंय, असंही कळलं. ते आधी मिटा. साताऱ्यात बसून पहाटे सहाला एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने बघणारा माणूस आहे मी, दूधवाल्याच्या आधी उठतो. चहा गार होईपर्यंत जे बघितलंय त्याच्या जोरावर सांगतो, पुस्तक वाचून आजवर कुणी धड शिट्टी वाजवलेली नाही.

डॉक्टर नायस्मिथनं १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला, तेव्हा नियम होते तेरा. बॉल हातात घेऊन पळायचं नाही, जिथं झेलला तिथूनच टाकायचा. खांदा मारायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही, पाय घालून पाडायचं नाही. इतकं सरळ. फक्त पळता पळता बॉल झेलला असेल तर थांबायला जरा सवलत, ही तळटीपही त्यानंच जोडली. पळवाट म्हणतात ती हीच; नियमाबरोबरच जन्माला आली, आणि गेली सव्वाशेहून जास्त वर्षं नियमापेक्षा तिचंच पोषण चांगलं झालंय.

बॉल न आपटता नियमापेक्षा जास्त पाय हलवले की ते ट्रॅव्हलिंग. हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. बांध कोरणं म्हणजे ट्रॅव्हलिंग. एक पाय रोवलेला, त्यावर गर्रकन फिरायची परवानगी, पण तो पाय सरकता कामा नये. आता दर नांगरटीला वीतभर सरकणारा बांध जसा शेजाऱ्याखेरीज कुणालाच दिसत नाही, तसाच हा पाय समोरच्या टीमखेरीज कुणाला दिसत नाही. आणि मोजणीवाला आला तर तो आधी विचारतो, ‘मोजायचं कुठनं?’ बॉल नेमका कधी हातात आला, यावर सगळी पावलं अवलंबून. २०१७ साली फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, या गोंधळावर तोड काढली. पळता पळता बॉल हातात येताना जे पाऊल जमिनीवर असेल ते शून्यावं, मोजायचंच नाही. पुढची दोन मोजायची. एनबीएनं तर २००९ मध्येच दोन पावलं कागदावर मान्य करून टाकली होती. त्यामुळे टीव्हीवर तीन दिसली तरी ती दोनच असतात. आपल्या गॅलरीतल्या आबांना हे सांगायला जाऊ नका. ते ‘पळालं, पळालं!’ म्हणून ओरडत राहणार, आणि तुम्ही शून्य समजावून सांगेपर्यंत पोरगं ले-अप मारून, म्हणजे बास्केटखाली जाऊन बॉल आत टाकून, परत येणार.

तेव्हा पाय मोजूच नका. पाय कुणाचा आहे ते बघा.

२००९ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या सामन्यात एनबीएतल्या बड्या लेब्रॉन जेम्सवर ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजली. ही बातमी झाली. कशाची झाली बघा: पावलांची नाही, शिट्टीची. लेब्रॉननं नंतर खुलासा केला की ते ट्रॅव्हलिंग नव्हतंच, ‘क्रॅब ड्रिबल’ होतं. खेकड्याची चाल. आमच्या टीममधल्या एखाद्या नववीच्या पोरानं असा खुलासा दिला असता, तर सरांनी त्याला त्याच चालीनं मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या. मोठ्या माणसाचा गुन्हा हा नवा डाव असतो, त्याचं बारसं होतं. बारक्याच्या वेळेला तुम्ही दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून दाखवायच्या आणि बॉल समोरच्या टीमला द्यायचा.

फाउलचं त्याहून सोपं. तिथं घड्याळ बघायचं. पहिल्या क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या पहिल्या पाव भागात, नुसता घाम लागला तरी शिट्टी. त्यानं तुम्ही कडक आहात असा लौकिक होतो. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र शिट्टी तोंडात असली तरी श्वास नाकानं घ्यावा. कुणी विचारलं तर सांगायचं, ‘सामना खेळाडूंनी ठरवावा, पंचानं नाही.’ १४ जून १९९८ ची एनबीएची फायनल आठवा, सहावा सामना. मायकेल जॉर्डन, समोर ब्रायन रसेल, जॉर्डनचा डावा हात रसेलच्या कमरेवर. रसेल घसरला, जॉर्डन थांबला, ५.२ सेकंद बाकी ठेवून बास्केट. जॉर्डनचे बुल्स ८७, रसेलचे जॅझ ८६. ढकललं की नुसता हात टेकला, यावर लोक अजून भांडतात. शिट्टी काही वाजली नाही. तोच हात त्याच जागी एखाद्या बदली खेळाडूचा असता तर? विचारू नका. असले प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या वर्षी टोपीसुद्धा मिळत नाही.

आता कधी कधी याच्या उलटंही करावं लागतं. २००२ मध्ये लेकर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज या टीमच्या सात सामन्यांच्या मालिकेतल्या सहाव्या सामन्यात, एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सला फाउलपोटी २७ फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता बॉल टाकायच्या संधी, मिळाले. सत्तावीस! आमच्याकडं एवढ्यात अख्खी स्पर्धा उरकते आणि बक्षीस समारंभही होतो. पण किंग्जचे लोक सोडले तर कुणाचं काय बिघडलं? मालिका बरोबरीत आली, सातवा सामना झाला, तिकिटं विकली गेली.

चूक झालीच तर काय करायचं, याचीही उत्तम सोय एनबीएनं २०१५ पासून केलेली आहे. अटीतटीच्या सामन्यातल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर होतो. कुठली शिट्टी बरोबर, कुठली चूक, कुठली वाजायला हवी होती, सगळं त्यात असतं. निकाल बदलत नाही. आपल्याकडं अवकाळीनंतर तलाठी येतात, फोटो काढतात, सह्या घेतात, तसंच. फक्त इथं पंचनामा खुद्द पंचाचा, आणि भरपाईचा अर्जसुद्धा करायची सोय नाही.

२८ जानेवारी २०२३ चा लेकर्स-बोस्टन सामना घ्या. आपल्याकडं रविवारची सकाळ होती, घरात पोहे होत होते. बरोबरी, शेवटचे सेकंद, लेकर्सचा लेब्रॉन ले-अपला गेला आणि बोस्टनच्या जेसन टेटमनं त्याच्या हातावर मारलं. टीव्हीवर दिसलं, आमच्या सौ.ला स्वयंपाकघरातून दिसलं. तीन रेफ्रींना दिसलं नाही. म्हणजे मघाशी सांगितलेला माणूस बघण्याचा नियमही अधूनमधून मोडावा लागतो, नाहीतर लोकांना त्यात सातत्य दिसायला लागतं. लेकर्सचा पॅट्रिक बेव्हर्ली एका फोटोग्राफरचा कॅमेराच उचलून रेफ्रीकडं गेला, म्हणे हे बघा. रेफ्रीनं त्याला टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाचा फाउल, दिला. लेकर्स जादा वेळेत हरले, १२५-१२१, आणि चूक झाली हे रेफ्रींनी नंतर कबूल केलं. यातलं तुमच्या कामाचं एवढंच की मैदानाच्या कडेला मोबाईल घेऊन उभे असलेले पालक आधी मोजून ठेवा. पुरावा दाखवणं हा गैरवर्तनाचा सगळ्यात वाईट प्रकार आहे.

मोजण्यावरून आठवलं, हे जरा महत्त्वाचं आहे. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एनबीएच्या तब्बल तेरा हंगामांतले फाउल मोजले. त्यांना आढळलं की मैदानावरच्या रेफ्रींचा वर्ण वेगळा असला की खेळाडूवर फाउल थोडे जास्त लागतात. फार नाही, थोडे. मुद्दाम नाही, आपोआप. २००७ मध्ये ते वर्तमानपत्रात आलं, मोठा आरडाओरडा झाला, आणि पुढच्या वर्षांचे आकडे तपासले तर फरक गायब! कुणाला शिक्षा झाली नाही, प्रशिक्षण झालं नाही. लोक मोजतायत एवढं कळलं आणि शिट्ट्या सुधारल्या. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, आपल्याकडं हे मोजू देऊ नका. टीमची यादी हातात आली की आपण आधी आडनावं वाचतो, मग गाव, मग खेळाडूचा नंबर. हा क्रम कुणी वहीत उतरवायला बसलं तर अवघड होईल. स्कोअरशीट पेन्सिलीनं भरा, खोडरबर जवळ ठेवा.

एनबीएचा रेफ्री टिम डोनाघी याच्यासारखं आपल्याच सामन्यांवर पैसे लावण्याच्या फंदात तेवढं पडू नका. पंधरा महिन्यांची शिक्षा झाली त्याला. आपलं पेढ्यात भागतंय.

तरीही तुम्हाला सगळ्यांना एकच माप लावायची हौस असेल, तर आमच्या लहानपणीच्या एका सरांचं ऐका. ते निवृत्त झाले तरी स्पर्धेला पंच म्हणून यायचे. पाय सरकला की शिट्टी. हात लागला की शिट्टी. पहिलं मिनिट असो की शेवटचं, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचा पुतण्या असो की आमच्यासारखं अनवाणी पोरगं. एकदा अर्ध्या वेळेतच त्या पुतण्याचे पाच फाउल झाले आणि तो बाहेर बसला. पाहुण्यांनी गाडी काढायला सांगितली. दोन्ही टीमचे लोक सरांवर भडकले, आणि दोघांचं म्हणणं शब्दाला शब्द एकच होतं: ‘सर, जरा सातत्य ठेवा की!’

पुढच्या वर्षी त्यांची शिट्टी काढून घेतली आणि स्टॉपवॉच देऊन टेबलावर बसवलं. अजून बसतात. शिट्टी वाजून खेळ थांबला की घड्याळ बरोबर थांबवतात, म्हणून त्यांच्याविषयी दर वर्षी एक लेखी तक्रार येते.